लिफ्टमधलं मांजर

आमचा थोरला पेपरात बातम्या निवडायला बसल्यापासून घरच्यांचं बोलणंही निवडूनच ऐकतो. मी तोंड उघडलं की मोबाईलवर बोट फिरवत म्हणतो, “आई, मुद्द्याचं सांग.” मला! याला बोलायला शिकवलं कुणी?

मुद्दा एवढाच होता, की बिल्डिंगची लिफ्ट बंद आणि माझी जाऊ सहाव्या मजल्यावर अडकलेली. गुडघे कामातून गेलेले. मी आजारी होते तेव्हा याला अंगाखांद्यावर वाढवला तो तिनं. आम्ही तळमजल्यावर, तिचा डबा पोचवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. बिल्डिंगचा मालक दाद देईना. पेपरात आलं तर हलेल, म्हणून थोरल्याला सांगितलं.

“लिफ्ट बंद, ही काय बातमी आहे? काहीतरी घडायला पाहिजे.”

“म्हणजे काकू जिन्यावरून गडगडली की चालेल?”

“तू ना, आई!” म्हणत साहेब आंघोळीला पळाले.

मग एक मांजर सहाव्या मजल्यापाशी थांबलेल्या त्या बंद लिफ्टच्या टपावर अडकलं. त्याचं ओरडणं जावेनंच ऐकलं, अग्निशमनवाल्यांना फोनही तिनंच केला. याच्या पेपरचा फोटोवाला लगेच धावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर हा एवढा फोटो! जवान, त्याच्या कुशीत मांजर, आणि कडेला दुधाची वाटी धरलेला नुसता हात. कोपराच्या मागची बाई गायब. जावेची बांगडी मी ओळखली.

“हा हात कुणाचा रे?”

“फोटो मावत नव्हता, कडेचं कापलं. लोकांना मांजर आवडतं.”

“आणि लिफ्ट बंद आहे, हे कुठंय?”

“जागा नव्हती, आई.”

तो ऑफिसला गेल्यावर धाकट्याला आणि वॉचमनला वर पाठवून जावेला खुर्चीसकट खाली आणलं, थोरल्याच्या पलंगावर बसवलं. त्याची गादी, इस्त्रीचे शर्ट, चार्जर सगळं वर रवाना. संध्याकाळी साहेब दारात.

“आई, माझं सामान?”

“सहाव्या मजल्यावर. दोन्ही घरांच्या भाडेपावत्या माझ्या नावावर आहेत, तेव्हा आवाज चढवू नकोस. लिफ्ट चालू होईपर्यंत काकू इथं, तू तिथं. तुझे गुडघे बोलायला लागले की बातमी होते का, बघू. आणि वाटी वरच ठेवलीय. मांजर आलं तर दूध घाल, तुझ्या कामाचं आहे ते.”