खऱ्या लोखंडाची, लहान हाताची

मी हातोडी बोलतेय. हातोडा नव्हे, हातोडी. हातोडा म्हणजे आमच्यातला थोरला. त्याला उचलायचं तर दंडात बळ हवं. माझं डोकं लिंबाएवढं आणि दांडा वीतभराहून थोडासा लांब. पण लोखंड खरं, लाकूडही खरं. मला कुणी खेळणं म्हटलं तर मी रागावत नाही. फक्त एकदा समोर खिळा धरून बघा म्हणते.

भट्टीत लाल होऊन, घणाखाली मार खाऊन मी आकाराला आले. मग एका बाईने माझ्या डोक्यात दांडा बसवला, वरून पाचर ठोकली आणि मला धरून हवेत असं काही झटकलं की मला भोवळच आली. "पोराच्या हातातून डोकं उडायला नको बाई तुझं," ती म्हणाली आणि पाचर आणखी एकदा ठोकली. त्या शेवटच्या ठोक्यावर मी आजवर टिकून आहे.

निळ्या पत्र्याच्या डब्यात आम्ही चौघं होतो: मी, लहान करवत, पकड आणि स्क्रू ड्रायव्हर. दुकानात आमच्या शेजारी प्लॅस्टिकच्या अवजारांचं मोठं चकचकीत खोकं होतं. त्यातल्या ड्रिलचं बटण दाबलं की घर्र आवाज व्हायचा, भोक मात्र कशालाच पडायचं नाही. लोक यायचे, खोक्यावरचं चित्र बघायचे, वय वाचायचे. बरोबर आणलेल्या मुलाकडे मात्र फारसं कुणी बघायचं नाही. बापांना आमचा डबा स्वतःसाठीच हवा असायचा, आणि आज्या "टोकं आहेत गं बाई" म्हणून मागे सरायच्या.

एक दिवस एक शिंपीणबाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी एका जागी ठरत नव्हती. घरात तिला भिंगरी म्हणत, ते का हे दुकानातच कळलं. तिने प्लॅस्टिकचा हातोडा उचलला आणि स्वतःच्याच गुडघ्यावर मारला. मग आणखी जोरात मारला.

"आई, हा लागतच नाही. मला नाही लागत, तर खिळ्याला कसा लागेल?"

आईला हसू आलं. तिने मला मुलीच्या हातात दिलं आणि दांडा मुठीत बसतो का, मनगट खाली झुकतं का, हे निरखून पाहिलं. कापड बेतताना बघावं तसं. "हा डबा द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

घरी आलो आणि भिंगरीच्या बाबाचा चेहरा उतरला.

हा बाबा पूर्वी सुतार होता. यंत्राच्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली, तेव्हापासून त्याने लाकडाला हात लावला नव्हता. आता एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करायचा.

"परत करून ये हे," तो म्हणाला.

"अरे, माझ्या कात्र्या घरभर पडलेल्या असतात. तिने कधी बोट कापून घेतलं?"

"कात्रीची गोष्ट वेगळी."

"काय वेगळं आहे तिच्यात?"

त्याचा उजवा हात टेबलाखाली गेला. आईने ते पाहिलं आणि विषय सोडून दिला. डबा कपाटाच्या डोक्यावर गेला. दुसऱ्या दिवशी बाबा ते चकचकीत खोकं घेऊन आला.

भिंगरीने बाबाचं मन राखलं. त्याच्यासमोर दोन दिवस घर्र-घर्र केलं. मग ड्रिलने बाहुलीचे केस वाळायला लागले, आणि हातोडा बाहुलीच्या स्वयंपाकघरात पळी झाला.

आम्ही वर धूळ खात पडलो. घरात कुणी नसलं की बाबा कधीकधी स्टुलावर चढून डबा खाली घ्यायचा, मला तेलाच्या फडक्याने पुसायचा, डाव्या हातात तोलायचा, उजव्यात घ्यायचा. उरलेल्या बोटांत मी जरा तिरकी बसायचे. मग तो मला परत ठेवायचा, झाकण अगदी हलकेच लावायचा. असं किती वेळा झालं, हे त्याच्याशिवाय घरात फक्त मला ठाऊक.

आणि मग तो रविवार आला.

आई एका गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेली होती. घरात बाबा, भिंगरी आणि तिचा दीड वर्षाचा भाऊ. त्याला सगळे बोळक्या म्हणत. त्याला दात केव्हाच आले होते, नाव मात्र काही सुटलं नाही. बोळक्याची एक वाईट खोड होती. रडता रडता तो श्वास धरून ठेवायचा, ओठ निळे व्हायचे. डॉक्टर म्हणाले होते, वाढेल तसं जाईल. पण बघणाऱ्याच्या काळजाचं तोवर पाणी पाणी व्हायचं.

दोघं भावंडं बाबाबरोबर लपाछपी खेळत होती. भिंगरी बोळक्याला ओढत अडगळीच्या खोलीत शिरली. ती खोली कधीकाळी न्हाणीघर होती, त्यामुळे दाराला आतून खिट्टी आणि वर हवेसाठी झडप. भिंगरीने दोन्ही हातांनी जोर लावून ती गंजकी खिट्टी सरकवली. ती वाकडी गेली आणि अडकून बसली.

आधी हसू ऐकू आलं. मग खुडबुड. मग "बाबा, उघडत नाहीये," आणि पाठोपाठ बोळक्याने भोंगा काढला.

बाबाने दार ढकललं, हलवलं. आवाज ऐकून शेजारचे काका आले. "व्हा बाजूला, एक लाथ घालतो," ते म्हणाले.

"नको काका! दार आत उघडतं. आत पाऊल ठेवायला जागा नाही, पोरं दाराला चिकटून उभी आहेत."

"मग कुलूपवाला?"

"तो यायचा कधी?"

बोळक्याचा भोंगा मधेच थांबला. बाबाचाही श्वास थांबला. मग "आँ" करून रडणं पुन्हा सुरू झालं. बाबा स्टुलावर चढला, झडप उघडली. हात आत घातला तरी खिट्टी फार खाली. त्याला दिसत होते फक्त भिंगरीचे केस.

तो खाली उतरला तो सरळ कपाटाकडे गेला. डबा उघडून त्याने मला उचललं. आईची मापाची टेप माझ्या मानेला गुंडाळली आणि मला झडपेतून हळूहळू आत सोडलं. विहिरीत कळशी सोडावी तशी मी उतरत होते. खालून एका लहान ओल्या हाताने मला धरलं.

"सापडली?"

"हो."

"आता ऐक. बोळक्याला तुझ्या पाठीमागे, कोपऱ्यात बसव. काका, तुम्ही फटीतून त्याला जरा रमवा."

काका गुडघ्यावर बसले. निवृत्त हिशेबनीस, भारदस्त मिशा, आणि ते दाराच्या फटीला तोंड लावून "म्याँव, म्याँव" करू लागले. बोळक्या हुंदके देत ऐकू लागला.

"दांडा कुठे धरलायस?" बाबाने विचारलं.

"वर. डोक्याजवळ."

"खाली धर, टोकाकडे. दुसरा हात मागे घे. आता खिट्टीची मूठ कुठल्या बाजूला वळलीये?"

"वर."

"मग तिच्या वरून मार, खालच्या दिशेने. जोरात नको. टक, टक, टक."

तिने मारलं. पहिला ठोका दारावर पडला. दुसरा मुठीला ओझरता लागला. तिसऱ्या वेळी दुसरा हात मदतीला पुढे आला, आणि मी नेमकी तिच्या अंगठ्यावर पडले.

ती किंचाळली. काकांचं म्याँव थांबलं.

दाराबाहेर स्टुलावर उभा असलेला बाबा पांढराफटक पडला असणार. मला तो दिसत नव्हता. त्याचा आवाज तेवढा आला, आणि तो ओळखू येत नव्हता.

"रक्त आलंय?"

"नाही... लाल झालाय. खूप दुखतंय बाबा. ठेवून देऊ का हातोडी?"

बोळक्या पुन्हा कुरकुरायला लागला. मी त्या तापलेल्या मुठीत वाट बघत होते. इतके दिवस ज्या भीतीने मला कपाटावर ठेवलं होतं, तेच घडलं होतं. आता तो "ठेव" म्हणाला, तर तिने मला ठेवलं असतं आणि बहुधा पुन्हा कधी उचललं नसतं.

"फुंकर मार अंगठ्यावर," बाबा म्हणाला. "मलाही असंच लागायचं. लागलं की थोडं थांबायचं. झालं? आता तो हात फ्रॉकच्या खिशात घाल आणि पुन्हा मार."

"पुन्हा?"

"पुन्हा. मी आहे इथे."

टक. टक. टक. गंजाचा भुगा खाली पडायला लागला. मूठ जरा फिरली. "हलली!" भिंगरी ओरडली. "आता ओढ," बाबा ओरडला, "मला नको सांगूस, ओढ!" खिट्टी कर्र करत सरकली आणि दार उघडलं.

बाबाने बोळक्याला काकांच्या हातात दिलं आणि भिंगरीचा अंगठा नळाखाली धरला. आपल्या अर्ध्या बोटांनी तो कितीतरी वेळ तो अंगठा धरून होता. रडत तोच होता. भिंगरी तर काकांना सांगत होती, "तुमचं मांजर चांगलं होतं."

आई परतली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर होते. तिने आधी मला पाहिलं, मग मुलीचा काळानिळा अंगठा.

"आई, मी दार उघडलं," भिंगरी म्हणाली.

आईने नवऱ्याकडे बघितलं. "तिनेच उघडलं," तो म्हणाला. त्या दिवशी डबा खालच्या फळीवर आला, भिंगरीच्या हाताला लागेल असा.

मग संध्याकाळी जमिनीवर जुनी सतरंजी अंथरून बापलेकीचं काम चाले. मऊ लाकूड, मोठ्या डोक्याचे खिळे. खिळा बोटांनी नाही, पकडीने धरायचा. केस बांधायचे. एका वेळी एकच अवजार बाहेर. बाबाची भीती गेली असं नाही. करवत निघाली की तो अजून श्वास रोखायचा. गोदामातलं काम सोडून तो पुन्हा सुतार झाला, असंही नाही. पण उजव्या हातात मला तिरकी का होईना, तो लेकीसमोर धरू लागला. दोघांनी बोळक्यासाठी एक स्टूल केलं. ते इतकं डगमगायचं की बोळक्या त्याला उंट म्हणायचा.

बोळक्याचं आणि माझं काही जमलं नाही. त्याने मला घेऊन अक्रोड फोडले आणि मला तसंच सोडून दिलं. त्याला स्क्रू ड्रायव्हर आवडला. घरातली घड्याळं त्याने खोलली, त्यातली काही पुन्हा चालूही झाली. प्रत्येक पोराच्या हातात हातोडीच शोभते असं नाही, हे मी तेव्हा कबूल केलं.

भिंगरी वाढली. मी तिच्या मुठीत दिसेनाशी झाले आणि थोरल्या हातोड्याने माझी जागा घेतली. मी खणात सुतळी आणि जुन्या किल्ल्यांबरोबर राहू लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. "माझ्या नातवाला अवजारांचा संच घ्यायचाय. कुठला बरा? दुकानात गेले तर डोकंच चालेना."

बाबा विचार करत म्हणाला, "मावशी, आधी त्याच्या मुठीत दांडा बसतो का बघा. वजन बघा. पण त्याच्याही आधी, तुम्हाला त्याच्या शेजारी बसायला वेळ आहे का ते बघा. नसेल तर रंगाची पेटी घ्या."

"मला काय, वेळच वेळ. पण मला यातलं ओ का ठो कळत नाही रे!"

"मग दोघं मिळून शिका," भिंगरी म्हणाली. तिने खण उघडला, मला पुसलं, क्षणभर मुठीत धरलं आणि मावशींच्या ओंजळीत ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे, या नव्या टेबलावर. समोर एक फळी, एक खिळा, आणि सगळे दात एकदम दाखवणारा नातू. शेजारी मावशी भीतीने डोळे मिटून बसल्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी आली तर एवढंच करा: तिला देऊन निघून जाऊ नका आणि पहिला ठोका चुकला म्हणून हसू नका. बाकी आमचं आम्ही बघून घेऊ.

बरं, येते मी. त्याने मला उचललंय.

"मावशी," मी मनातल्या मनात म्हणते, "डोळे उघडा. बघण्यासारखं तर आत्ता आहे."