चाळीस सेकंद

“फुकट शिकता, फुकट जेवता, वर पगार कशाला रे हवा?” अर्नेस्टीनने डॅमरियसच्या ताटात ग्रिट्सचा, मक्याच्या लापशीचा, डाव आपटला.

“मार मी खातो ना, मिस अर्नेस्टीन?” डॅमरियस म्हणाला. आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातला सगळ्यात रुंद खांद्यांचा पोरगा. “माझ्या नावाचे सदरे विकतात, माझा चेहरा बसवर लावतात. त्यातलं थोडं आता मला मिळायला लागलं, तर कुणाच्या पोटात का दुखावं?”

“आमच्या वेळी पोरं मानासाठी खेळायची.”

“मग तुमचं गाणं वाजतं तेव्हा साठ हजार माणसं बूट वर करतात. तुम्हाला काय मिळतं?”

“मान.”

“मान कशाबरोबर खाता? पावाबरोबर की चिकनबरोबर?”

रांगेतली सगळी पोरं खिदळली. अर्नेस्टीनने मला त्याला तिसरं अंडं वाढूच दिलं नाही. तो पुढे सरकल्यावर मीच गुपचूप टाकलं.

खेळाडूंच्या खानावळीत आम्ही दोघी अठरा वर्षं शेजारी उभ्या आहोत. ती ग्रिट्सवर, मी अंड्यांवर. ती एकाहत्तरची. एकोणीस वर्षांची असताना तिने एक गाणं लिहिलं आणि गायलं. कामावरून आलेल्या नवऱ्याला बायको म्हणते, बूट काढ, दिवस संपला, आता तू माझा. कसं कोण जाणे, आमच्या मैदानात सामन्याच्या चार सत्रांतलं तिसरं संपलं की ते वाजायला लागलं. नेमकं चाळीस सेकंद. लोक एक पाय उघडा करतात, बूट हातात धरून डोलतात. हरत असलो तरी. पावसात सुद्धा. माझ्या थोरल्याने तर लग्नात नवरीचा बूट वर केला होता.

फोनवरही ते गाणं लोक लाखांनी ऐकतात म्हणे. मागच्या वर्षी त्याचा चेक आला, चार डॉलर अकरा सेंटचा. अर्नेस्टीनने तो बँकेत न टाकता फ्रिजवर चिकटवला. म्हणाली, “एवढ्यासाठी बसभाडं कोण घालवणार?”

बुधवारी नाश्ता उरकल्यावर क्रीडा कार्यालयाचे मिस्टर हॅलोरन आले. सोबत कागद, आणि एक सदरा. त्यावर अर्नेस्टीनचं नाव आणि ७३ हा आकडा, गाण्याच्या सालाचा.

“शनिवारी शेवटचा घरचा सामना,” ते म्हणाले. “तुम्ही मैदानाच्या मधोमध उभं राहायचं आणि हात हलवायचा. त्याआधी शुक्रवारी हेच गाणं स्टुडिओत नव्याने गाऊन द्यायचं.”

“ते कशाला?”

“जुन्या रेकॉर्डचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत, तिने फार भाव वाढवलाय. तुम्ही नव्याने गायलात की रेकॉर्ड विद्यापीठाची. मैदानात वाजवू, जाहिरातीत वाजवू. कायमची.”

“आणि माझं?”

हॅलोरननी सदरा पुढे केला. “आपण एक कुटुंब आहोत, मिस अर्नेस्टीन.”

“कुटुंबात सहीचा कागद लागत नाही.” तिने हात पुसले. “डॅमरियस मोटारीच्या जाहिरातीत हसतो, त्याला तुम्ही सदराच देता का हो?”

“त्यांचं वेगळं. ते खेळाडू.”

“मग मी कोण?”

त्यांनी सदऱ्याची घडी उलगडली. “तुम्ही आमची परंपरा आहात.”

“परंपरेचे पाय सुजतात, मिस्टर हॅलोरन. गाईन मी. पण रेकॉर्ड माझी राहील, आणि दर हंगामाला मला विचारून वाजवायची.”

“ते वरचे लोक मान्य करणार नाहीत. मग शनिवारी गाणं नाही.”

“नाही तर नाही.”

हे ती अगदी ताठ मानेने बोलली. आणि डाव घेऊन पातेलं खरवडायला लागली.

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. “अगं, करायची होतीस सही! तू गेल्यावरही वाजत राहिलं असतं.”

“गेल्यावर मला विचारायला कोण येणारे? म्हणून जिवंतपणीच नाही म्हणतेय.” मग खाली बघत म्हणाली, “रेकॉर्ड कंपनीला दिली ती पहिली सही मी मोटारीच्या टपावर केली, व्हर्डेल. न वाचता. पंच्याहत्तर डॉलर आणि नाताळचा एक हॅम. हॅम चांगला होता.”

दुसऱ्या दिवशी तिने मला डॅमरियसला चार अंडी वाढायला लावली. “तू म्हणत होतास ते बरोबर होतं,” म्हणाली, “आता यावर तोंड उघडलंस तर एकही मिळणार नाही.” त्याने चारही खाल्ली.

शनिवारी आम्ही दोघी सामन्यानंतरच्या जेवणाला लागलो होतो. मैदान रस्त्यापलीकडेच. गर्दीचा आवाज भिंतीतून येतो, तरी मी रेडिओ लावला होता. आपली पोरं सतरा गुणांनी मागे होती. तिसरं सत्र संपलं.

भिंत गप्प झाली.

मग कसलासा ढोल वाजायला लागला, कुठल्या तरी नव्या गाण्याचा. रेडिओवाला म्हणाला, “लोक बूट हातात घेऊन उभे आहेत, मंडळी... आता एकेक जण खाली घेतोय.” मागून कुणीतरी हुर्यो केली. मी अर्नेस्टीनकडे बघायचं टाळलं.

“बंद कर ते,” ती म्हणाली.

मी बंद केला. ती दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसली आणि उजव्या बुटाची नाडी सोडली. पाय सुजून पावासारखा झाला होता. बूट मांडीवर घेऊन ती गायला लागली. आवाज खरखरीत झालेला, पण सूर जागच्या जागी. चाळीस सेकंद झाले. मला वाटलं, संपलं.

ती गातच राहिली.

गाण्याला दुसरं कडवं होतं. अठरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. त्या साठ हजारांना तरी कुठे होतं? त्यात नवरा झोपी जातो. बायको त्याचे बूट पुसून दाराशी ठेवते, आणि मग स्वतःचे काढायला बसते. ते कुणी बघत नाही. एवढंच.

संपल्यावर तिने बूट पुन्हा घातला आणि नाडीला दुहेरी गाठ मारली.

“ओव्हन बघ, व्हर्डेल,” ती म्हणाली. “पोरं हरून येतील. भूक जास्त लागते.”