सुतळीचं दुसरं टोक

फाल्गुनातल्या कोरड्या सकाळी लोखंडावर हातोडा पडला की त्याचा नाद आधी अंगणातल्या कडुलिंबाला लागायचा, मग स्वयंपाकघराच्या भिंतीला, आणि शेवटी माझ्या पोटातल्या जिवाला. तो दचकून फिरायचा. मी पदर पुढे ओढून दाराआड बसायची आणि त्या नादावरून भाऊजींची मर्जी ओळखायची. भाऊजी म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले बंधू. त्यांच्यासमोर जायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे लग्नानंतरचे कितीतरी ऋतू मी त्यांना पाहिलं ते पाठमोरं, आणि ऐकलं ते लोखंडातून.

उंच, कोरडा माणूस. भर दुपारी सावली पायाशी गोळा होते तसे त्यांचे शब्द ओठांशीच गोळा झालेले असत. पण त्यांचे हात बोलके होते. काम संपलं की ते तळहाताने लोखंडावरून असे हात फिरवत, की मला त्या लोखंडाचा हेवा वाटे. घराणं वाढयांचं, म्हणजे सुतारांचं, पिढ्यान्‌पिढ्या बंड्या घडवणारं. माझ्या माहेरीही बैलांच्या बंड्याच घडत. भाऊजींनी मात्र लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी पिकप नेरहून आणली आणि बाभळीच्या लाकडावरचा आपला हात लोखंडावर वळवला.

आमचं गाव फुलसावंगीच्या पलीकडे. वाटेत नाला, आणि नाल्याच्या ऐन मध्यात काळा खडक. आदल्या उन्हाळ्यात मला कळा सुरू झाल्या, पुसदच्या दवाखान्याकडे निघालो, आणि त्या खडकावर पिकपचं पोट टेकलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, वाळू उडत राहिली, गाडी पुढे हलली नाही. माझं पहिलं मूल तिथेच, जग न पाहता गेलं. गाडी भाऊजी चालवत होते. त्या दिवसापासून ताटावर बसलेल्या भाऊजींना कुणी मान वर करताना पाहिलं नाही. जाऊबाई म्हणायच्या, घास मोजल्यासारखे जेवतात आणि उठतात.

या खेपेला सुईणीने पोटाला हात लावताच तोंड बारीक केलं. मूल आडवं आहे, पुसदला गेल्याशिवाय सुटका नाही, असं तिने जाऊबाईंना सांगितलं आणि जाऊबाईंनी भाऊजींना. दुसऱ्या दिवशी उजाडताच पिकप लाकडी ठोकळ्यांवर चढली. चाकांवरचे, गाडीचा भार झेलणारे जुने, दबलेले लोखंडी पाटे त्यांनी उतरवले, ठोकून ठोकून त्यांची कमान वाढवली, दुसऱ्या मोडक्या गाडीचे जाड पाटे त्यांना जोडले. बसलेलं जनावर पुढच्या पायांवर उठावं तशी ती गाडी हळूहळू जमिनीपासून वर आली. मी रोज दारातून तिच्या पोटाखालचा उजेड पाहायची. तो वाढत होता, आणि माझी भीती काही कमी होत नव्हती.

गाडी जमिनीवर आली तशी भाऊजी नाल्यापर्यंत जाऊन आले. खडक खाली राहिला, उद्या सकाळी निघू, एवढंच जाऊबाईंना म्हणाले. जाऊबाई देवापुढे साखर ठेवून विहिरीवर गेल्या. यजमान यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला, घरात दुसरं कुणी नाही, अंगणात भाऊजी गाडीचं उरलंसुरलं ठोकत होते. मी सहज गाडीमागच्या धुळीकडे पाहिलं.

पुढच्या चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या नव्हत्या. धूळ बाजूला खरडली गेली होती, आणि ती खरड सारखी वाटेच्या कडेकडे ओढ घेत होती. मी चाकांकडे पाहिलं. ती समोरून किंचित उघडी होती. चाक चाकोरीत अडकू नये म्हणून बंडीला समोरून थोडी मोकळीक ठेवायची, ही आम्हा वाढयांच्या घरची शिकवण. माझे वडील ती डोळे मिटून ठेवत. भाऊजींच्या हातांनीही तेच केलं होतं, त्यांना न विचारता. नाल्याचा उतार अरुंद, एका अंगाला खोल घळ. तिथे ही गाडी मला घेऊन कुठे ओढली जाईल, ते मला लख्ख दिसलं.

मी उंबऱ्यावर उभी राहिले. पदर कपाळाखाली होता, पण आवाज माझाच होता.

"भाऊजी, हे बंडी नाही. चाकं समोरून फाकली हायेत. मले याच गाडीत बसाचं हाये."

हातोडा थांबला. रीत मोडली म्हणून ते रागावतील, की भावजयीने चूक काढली म्हणून, ते मला कळेना. ते पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले.

"खरं हाये. हातानं बंडीच बसवली, मले समजलंच नाही."

मग त्यांनी सुतळीचा गुंडा काढला, मागच्या चाकापासून पुढच्या चाकाला लावून ओढत आणला, आणि टोक माझ्या उंबऱ्यावर ठेवलं.

"धर बाई. ढिली नको सोडू."

मी धरली. पुढची चाकं जोडणारा गाडीखालचा आडवा दांडा ते थोडा थोडा फिरवत, बाहेर येऊन मागच्या चाकाशी दुसरं टोक ताणून धरत, सुतळीला डोळा लावत, पुन्हा खाली जात. सुतळी चाकाच्या दोन्ही कडांना सारखी टेकेपर्यंत ऊन कलंडून गेलं. माझी बोटं बधिर झाली, पोटातला जीव मात्र त्या सगळ्या वेळात शांत होता. मग गाडी वळवून दुसऱ्या अंगाचं चाक, आणि पुन्हा तेच.

सकाळी नाला आला. भाऊजींनी गाडी अगदी हळू केली. मी डोळे मिटून गाडीच्या पोटाखालच्या त्या घर्षणाची वाट पाहत राहिले, आणि काहीच ऐकू आलं नाही. पलीकडच्या काठावर पोहोचलो तेव्हा माझ्या शेजारी जाऊबाई रडत होत्या, आणि पुढे बसलेल्या भाऊजींची पाठ हलत होती. लेक पुसदला जन्मली. दवाखान्याच्या दारातून तिला पाहताना त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, असं जाऊबाईंनी मला सांगितलं.

त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मीही नाही. रीत पुन्हा आपल्या जागी बसली. आता भाऊजी नाहीत, पिकप नाही, नाल्यावर पूल आहे, आणि लेकीचे केसही पिकू लागले आहेत. तरी फाल्गुनात कुठे लोखंड वाजलं की माझ्या बोटांना ताण जाणवतो. दुसरं टोक कुणी धरलं आहे ते मला ठाऊक आहे. मी मान वर करून पाहत नाही, फक्त सुतळी ढिली सोडत नाही.