रिसोडचे वायसर

माह्या भावाचं, दौलतरावचं, एक बरं आहे. चूक झाली तं ती दुसऱ्याची, अन् काही चांगलं झालं तं ते त्याच्या हातचं. जऊळक्यात हे साऱ्यायले माहीत आहे, तरी सारे त्याच्याच ओट्यावर येऊन बसतात. मी त्याची बहीण, विजयमाला. स्टेशनाच्या रस्त्यावर माहं शिलाईचं दुकान आहे, अन् देवानं मले तोंड दिलं आहे. म्हणून आमचं पटत नाही. जेवाले मात्र मी त्याच्याच घरी असते.

त्याची पोरगी निकिता हवेच्या रायफलीनं नेमबाजी करते. जिल्ह्यात पहिली आली तवा दौलतरावनं पुण्याहून वापरलेली परदेशी रायफल आणली. पेपरात फोटो आला, पोरगी लहान अन् बाप मोठा. मंग अमरावतीले विभागाच्या निवडीत पोरगी दोनदा राह्यली, दोन्ही वेळा थोडक्यासाठी. झालं. दौलतरावनं ठरवून टाकलं का पोरीचा नेम गेला. तिकडं मंगरूळपीरचा ठेकेदार रतनसिंग आपल्या पोरासाठी अशीच बंदूक पाहून राह्यला होता. दौलतरावनं त्याले सांगतलं, खंडेनवमीले या, पूजा होईन, जेवण होईन, चालवून पाहा अन् घेऊन जा.

अमरावतीची पुढची निवड दसऱ्याच्या दोन दिवसांनंतर होती. निकिता बापाले म्हणे, एवढ्या एका वेळी जाऊ द्या, मंग विका. तो म्हणे, दोनदा पाह्यलं नं, आता तिसऱ्यांदा कायले हसू करून घ्यायचं? पोरगी ताटावरून उठून गेली. तिची आई लिलाबाई ताट झाकून बसली. मले असा राग आला का त्याच्या समोरची भाकरीची टोपली उचलून आत नेऊन ठेवली मी.

दुसऱ्या दिवशी निकिता दुकानात आली अन् कागदाचं टारगेट माह्या समोर पसरलं. पहिलं भोक मधोमध, दुसरं जरासं वर, तिसरं आणखी वर. ती म्हणे, आत्या, नेम नाही बिघडला, हवा बिघडली. रायफलीत एक रेग्युलेटर असते. दर गोळीमागं हवा मोजून सोडायचं त्याचं काम. त्याच्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढे वायसर एकावर एक रचलेले राहतात, सपाट नाही, वाटीसारखे खोलगट. हवेचा दाब आला का ते दबतात, दाब सरला का उठतात. तिनं उघडून दाखवले. गंज चढला होता, अन् दोन तं तडकले होते. शिलाईच्या मशीनच्या टेन्शनच्या चकत्या झिजल्या का दोऱ्याचं काय होते, ते मले सांगा लागत नाही. मले लगेच समजलं.

मले वाटलं, आता दौलतराव सापडला. वायसर बदलले, रायफल सुधारली, का त्याले दाखवायचं, पाह्य, खोट बंदुकीत होती, पोरीत नाही. मंग कोणत्या तोंडानं विकन? असं मले वाटलं. माही अक्कल.

पुण्याच्या दुकानदाराले फोन केला तं तो म्हणे, अख्खी रायफल पाठवा, माल बाहेरून येईन, दिवाळी होऊन जाईन. मंग आमी वाशीमचा बाजार पालथा घातला. स्प्रिंग वायसर म्हटलं का जो तो ते कापलेल्या कड्यासारखे वायसर समोर ओतते, नटाखाली टाकतात ते. नाही बापा, वाटीसारखे पाहिजे, म्हटलं तं एकानं नळाचं रबर काढलं. दुसरा म्हणे, मावशी, वाट्या भांड्याच्या दुकानात भेटतात. अन् स्वतःच हसला. मी त्याले हसू दिलं, मंग त्याच्या दुकानाच्या पाटीत शुद्धलेखनाच्या किती चुका आहेत ते गिऱ्हाईकायसमोर मोजून दाखवलं.

रिसोडले गेलो तवा सोयाबीनच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता. बाजाराच्या मागं विनोद नावाच्या माणसाचं बेअरिंगचं दुकान आहे. त्यानं आमचं सारं ऐकून घेतलं, स्टुलावर चढला अन् धुळीनं माखलेला एक डबा काढला. कोण्या मशीनच्या मालासंगं आला होता, म्हणे, आजवर कोणी विचारलं नाही. त्यात तसेच वायसर, वाटीसारखे. निकिता व्हर्निअर घेऊन एक-एकाची जाडी मोजू लागली. विनोदनं विचारलं, कायले पाहिजे? मी म्हटलं, बंदुकीले. त्याचा हात डब्यावरच थांबला. माह्या लुगड्याकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं, अन् शटर जरासं खाली ओढलं. मंग निकितानं मोबाईलवर आपला मेडलवाला फोटो दाखवला, तवा कुठं त्यानं चहा सांगतला.

खराब निघतीन म्हणून आमी जास्तीचे घेतले. आणले अन् बसवले असं ते काम नाही. कारखान्यातून येतात तवा त्यायच्या कडेले बारीक कंगोरा राहते, तो काढा लागते. त्यासाठी एकदम सपाट जागा पाहिजे, म्हणजे काच. घरात धड काच एकच होती, दौलतरावच्या सत्काराच्या फोटोवरची. ती मी काढली. तिच्यावर पॉलिश पेपर ओला करून ठेवला अन् आमी दोघी एक-एक वायसर बोटाखाली फिरवत बसलो. माह्या शिलाईच्या भिंगातून दर एकाची कड पाह्यली, तडा तं नाही. एका जाडीचे एकीकडं, बाकीचे दुसरीकडं. रॉकेलनं धुतले, मंग साबणानं, मंग कोरडे केले. तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, निकिता म्हणे, एवढ्या दाबात तेल पेटते. त्याले वेगळं ग्रीस असते, तेही नखावर येईन एवढंच.

अन् रचायची एक तऱ्हा आहे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाले, मंग पाठीले पाठ, मंग परत तोंडाले तोंड. असं रचलं तं त्यायच्यात दबाले जागा राहते. एकात एक घातले तं सारे मिळून दगड होतात. निकितानं मले हे दोनदा करून दाखवलं, अन् माह्या हातानं एकदा करून घेतलं.

मंग मी मोठ्या तोऱ्यात दौलतरावकडं गेली. साऱ्या कहाणीचा पाढा वाचला. खोट पोरीत नव्हती, वायसरात होती, अन् आता ते नवे आले. त्यानं शांतपणे ऐकलं, पान लावलं अन् म्हणे,

"बरं झालं बाई. रतनसिंगले बिघडलेली बंदूक कशी दिली असती?"

आठ-आठ तास बोटं झिजवून मी त्याचा माल विकाले तयार करून देला होता. फोटोची काच कुठं गेली, एवढं त्यानं वरून विचारलं.

मंग मी दुसरी अक्कल चालवली. निकिताले म्हटलं, रायफल जोडूच नको. सुटी पडली राहू दे, सुटे तुकडे कोण विकत घेते? खंडेनवमीच्या सकाळी वायसर ताटलीत फडक्याखाली, अन् रायफल ओट्यावरच्या चटईवर उघडी. मी झेंडूची फुलं आणाले गेली. लिलाबाई आत पुरण वाटून राह्यली होती. निकिता ओट्यावर हार गुंफत बसली होती, बापापासून दोन हातावर.

आमच्याकडं खंडेनवमीले घरातलं सारं लोखंड पुजतात. ट्रॅक्टर, विळे, फवारणीचा पंप, माही कैचीसुद्धा. पण खंडित शस्त्राची पूजा होत नाही. रायफल तुकड्यात पाहून दौलतराव चिडला. पोरगी जोडत नाही म्हणते, बहीण गायब. मंग त्यानं धोतर खोचलं अन् स्वतःच बसला. जन्मभर फवारणीचे पंप उघडले-जोडले त्यानं, त्याले कोण सांगन? मी फुलं घेऊन आली तं रायफल अखंड होऊन पाटावर, अन् हा हातपंपानं तिच्या नळीखालच्या टाकीत हवा भरून घामानं न्हालेला. मी निकिताकडं पाह्यलं. ती खाली मान घालून फुलं ओवत होती. मले वाटलं, पोरीनं हार मानली. माह्या डोळ्यात पाणी आलं, ते मी कांद्याच्या नावावर पुसलं.

रतनसिंग पांढऱ्या कपड्यात आला. पूजा झाली, रायफलीले हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आता पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, दसऱ्यालेच उचलतात, हे शेंबडं पोरगंही जाणते. पण रतनसिंगसाठी त्या नियमाले घडीभर सुटी भेटली. साऱ्यायले घेऊन दौलतराव ट्रॅक्टरच्या शेडात गेला. भिंतीवर टारगेट लावलं. परदेशी चीज आहे, आतलं काम माह्या हातचं आहे, असं दोनदा बोलून झालं. रतनसिंगनं रायफल खांद्याले लावली, एक डोळा मिटला, घोडा दाबला.

टिक.

तेवढाच आवाज. गोळी नळीतच. परत दाबला, परत टिक. दौलतरावनं आणखी हवा भरली, तं तो टिकही बारीक झाला. रतनसिंगनं रायफल पाटावर ठेवली, हात पुसले, पुरणपोळी मात्र पोटभर खाल्ली, अन् जाताना म्हणे, दौलतराव, याच्यापरीस गुलेल बरी.

तो गेल्यावर दौलतरावनं मले धरलं. रिसोडचे वायसर टाकले म्हणून बंदूक मेली, म्हणे. मी म्हटलं, आण इकडं, उघडून पाहते. तं म्हणे, आज पुजलेल्या हत्याराले हात लावायचा नाही. नियम सुटीवरून परत आला होता.

दसऱ्याले उघडली. हवा सोडली, रेग्युलेटर खोललं, तं आत वायसर कसे? लिलाबाईच्या मांडणीतल्या वाट्यांसारखे. एकात एक, एकात एक. वर जागा उरली म्हणून जास्तीचेही सारे कोंबले होते त्यानं. दबाले जागाच नाही, मंग रेग्युलेटर हवा अडवन कसं? साऱ्या टाकीचा दाब जाऊन गोळीमागं हवा सोडणाऱ्या झडपेवर बसला होता, अन् घोडा दाबला तरी झडप उघडत नव्हती. निकितानं सारे काढले, धुतले, मोजून घेतले अन् तोंडाले तोंड, पाठीले पाठ लावले. शेडात पाच गोळ्या मारल्या, पाचाचं मिळून एकच भोक.

बाप ओट्यावरून म्हणे, ने अमरावतीले, रतनसिंगनं सोडली, आता ती बंदूक भंगारवालाही घेत नाही.

अमरावतीत मी खुर्चीवर बसून देवाचं नाव घेत होती अन् मधामधात बाजूच्या बाईशी भांडत होती, ती पोरीच्या आड उभी राहत होती म्हणून. निकाल लागला. निकिताचं नाव यादीत होतं, राज्याच्या शिबिराले बोलावलं होतं. मी तिथंच रडली, अन् यावेळी कांदाही जवळ नव्हता.

परतीले अकोल्यात गाडी बदलली तवा आमाले खिडकी भेटली. मी दौलतरावच्या नावानं बोटं मोडून राह्यली होती, का हा माणूस जन्मभर पंप खोलते अन् याले एवढं समजू नये. निकिता शेंगा सोलत होती. सोलता-सोलताच म्हणे,

"मले दिसत होतं आत्या. बाबा एकात एक घालत होते तवा मी तिथंच होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं बंदूक चालली असती."

तिनं शेंगदाणे माह्या हातावर ठेवले. चार दिवस मी हिले बिचारी समजून राह्यली होती.

जऊळक्याच्या स्टेशनावर दौलतराव हार घेऊन उभा होता, मागं अर्धं गाव. त्यानं पोरीच्या गळ्यात हार घातला अन् तिथंच प्लॅटफॉर्मवर भाषण सुरू केलं. खंडेनवमीची पूजा पावली. बंदूक बिघडली होती, पण म्या स्वतः बसून, या हातानं वायसर बसवले. लोकं निकिताकडं पाहू लागले. माही जीभ सुटलीच होती, पण पोरीनं माहा हात दाबला.

"खरं आहे," निकिता म्हणे. "बाबांनी नसते बसवले तं मी गेलीच नसती."

दौलतरावचे डोळे भरून आले.