न छापलेलं प्रकरण

मृत्यूनंतरच्या नवव्या दिवसाची प्रार्थना संपली, पान्सित नूडल्सच्या ताटल्या फिरायला लागल्या, तेव्हा रोविलिनने पुस्तक आणून नेनिताच्या मांडीवर ठेवलं.

"नांग नेनिता, ते बोटीचं पान तुम्हीच काढा आणि वाचा. माझ्या नवव्या दिवशी नर्सकडून तेवढं वाचून घ्या, असं आईने सांगून ठेवलंय."

बारा-तेरा मावश्या आणि आत्या नूडल्सचे घास थांबवून बघू लागल्या. नेनिताने पुस्तक उघडलं नाही. उघडून उपयोग नव्हता.

इलोइलो शहरातल्या एका इस्पितळात, डायलिसिसच्या वॉर्डात, नेनिताची तेवीस वर्षं गेली होती. नाताळात तिथे चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत. एका आठवड्यात काहीतरी मऊ, पुढच्यात काहीतरी गोड, मग काहीतरी हसवणारं. मऊ म्हणून नेनिताला पायपुसणं मिळालं, गोड म्हणून खोकल्याचं औषध, आणि हसवणारी म्हणून ही प्रेमकथा. मुखपृष्ठावर गुलाबी केक होता.

रोविलिनची आई पास्तोरा, वॉर्डात सगळ्यांची लोला, म्हणजे आजी, आठवड्यातून दोनदा चार-चार तास हात न हलवता पडून असायची. साखरेने डोळेही नेले होते. नेनिता रक्तदाब बघायला आली की चार पानं वाचून दाखवायची.

या पुस्तकाकडून आपल्याला काहीच नको, असं नेनिताने स्वतःला बजावलं होतं. म्हणजे हवं होतं. केक करणारी नायिका आणि जाहिरात कंपनीतला नायक दोनशे ऐंशी पानं एकमेकांबद्दल गैरसमज करून घेत होते. कुणी एक फोन केला असता तर सगळं पानभरात आटोपलं असतं. शेवटी नायक मॉलमधल्या मोठ्या पडद्यावर माफी मागतो, नायिकेला त्याच मजल्यावर दुकान मिळतं, लग्न दोन पानांत. कुणालाच कुणासाठी काही सोडावं लागत नाही. नेनिताने हा शेवट एका रात्री घरी वाचला आणि पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही इतकी खट्टू झाली.

दुसऱ्या दिवशी लोलाने विचारलं, "इंदाय, पोरी, जाते का गं ती त्याच्याकडे?"

नेनिताने डोळे पुस्तकावर ठेवून भलतंच वाचलं. ग्विमारास बेटाकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का. नायक बॅग घेऊन उभा. एक बोट सोडतो, दुसरी सोडतो, चार सोडतो. पाचवीचं इंजिन सुरू होतं आणि ती युनिफॉर्ममध्येच, चपला हातात घेऊन, धावत येते. केक करणाऱ्या बाईला युनिफॉर्म कुठून आला, हे लोलाने विचारलं नाही. ती रडली, हात हलला, यंत्र केकाटलं. पुढे तिने ते पान कितीदा तरी वाचून घेतलं, आणि नेनिताने शब्दही न चुकता वाचलं. लाज तेव्हाच वाटायला हवी होती. तेव्हा बरं वाटलं. शेवटी लोला पुस्तकच घरी घेऊन गेली, उशाशी ठेवायला.

रोविलिन आता मावश्यांना सांगत होती, की तिने पुस्तक दोनदा चाळलं, पान गळलंय म्हणून नवी प्रत आणली, त्यातही नाही म्हणून दुकानातल्या पोरीशी भांडली, आणि छापणाऱ्यांना खरमरीत पत्र टाकलं.

नेनिताला ते पान तोंडपाठ होतं. कुठलंही पान उघडून म्हणता आलं असतं. पण रोविलिन खेटून बसली होती, आणि भिंतीवरच्या फोटोतून लोला बघत होती, आता तर चांगल्या डोळ्यांनी.

"ते पुस्तकात नाही," नेनिता म्हणाली. "मी मनाचं वाचत होते."

रोविलिनने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"अख्ख्या गल्लीला सांगत होती ती. शेवटच्या दिवशीसुद्धा."

नेनिताची मान वर होईना. तेवढ्यात सगळ्यात म्हाताऱ्या मावशीने, जिला फक्त गोष्टीशी मतलब होता, ताटली खाली ठेवली. "म्हणजे ती धक्क्यावर गेलीच नाही?"

"नाही गेली."

"का गं?"

"ड्युटी होती. बदली नर्स मागायची लाज वाटली."

"आणि तो?"

"चार बोटी थांबला. धक्क्यावरच्या शेंगदाणेवालीने नंतर सांगितलं. पाचवीने गेला."

मावशीने जरा विचार केला. "मग तिचं काय झालं?"

"तिला हेड नर्स केलं."

कुणाला हसू आलं नाही. रोविलिनने पुस्तक उचललं आणि आत गेली. आता निघावं, की निघाल्यानेच अधिक वाईट दिसेल, हे नेनिताला ठरवता येईना, म्हणून ती बसून राहिली. मावश्या तांदळाच्या भावाबद्दल बोलू लागल्या, जरा जास्तच मोठ्याने.

रोविलिन बाहेर आली ती पान्सितची पिशवी घेऊन. तिचे डोळे लाल होते, आणि तिने नेनिताकडे बघितलं नाही.

"घरी किती जण असता?"

"मी एकटीच."

पिशवी चौघांना पुरेल एवढी होती. तिने ती तशीच पुढे केली. नेनिताने काही कमी करायला सांगितलं नाही. परतताना जीपनीच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. तळाशी गरम होती, आणि शेजारच्या बाईने वास घेऊन विचारलं, घरी काही कार्य आहे का.

नेनिता हो म्हणाली.