खंडेनवमीला मांडलेली जाळी

घरी यायलाच नको होतं, हे राखीला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कोलकात्याच्या प्रयोगशाळेतून ती एक जाळी घेऊन मुंबईला निघाली होती. जाळी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा, दिसतील न दिसतील अशा लाखो भोकांचा. परदेशातल्या यंत्रात शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आदळतात, कणांचा नुसता धुरळा उडतो. तो टिपता टिपता जुन्या यंत्रणेची दमछाक होते, म्हणून तिथं आता नव्या जाळ्या बसवायच्या. ही जाळी राखीनं स्वतः घडवली होती आणि बसवायला रविवारच्या विमानानं तीच जाणार होती. वाटेत दसरा आला, म्हणून कामरगावात, घरी, मुक्काम. पेटीला हात लावू नका, असं तिनं घरात प्रत्येकाला बजावलं होतं.

अंघोळ करून बाहेर येते तो काय, पेटी उघडी! देवासमोर पाटावर वडिलांच्या ट्रॅक्टरची किल्ली, भावाचा, पवनचा, पाना आणि मधोमध जाळी. तिच्यावर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

"माय! काहून उघडली?"

"हात कुठं लावला मी? धुतल्या फडक्यानं धरली," कस्तुराबाई म्हणाल्या. "खंडेनवमी हाय. अवजाराची पूजा करा लागते."

"धुळीचा कण चालत नाही तिले! वीज सोडली का ठिणगी पडून सारी जाळी जाते. अन् तू कुंकू लावून राह्यली?"

"मंग पुसून देतो ना व."

"पुसू नको!" राखी किंचाळली.

"दुसरी नाही का भेटत बजारात?" ओसरीवरून वडील, जगदेव, म्हणाले. डोकं आपटावं तर कुठं, तिला कळेना.

तिनं कोलकात्याला सरांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"विश्वकर्मा पूजेला आपणही यंत्रांना टिळा लावतोच," सर हिंदीत म्हणाले. "पण बाहेरून, राखी. आता प्रयोगशाळेतल्या अनिर्बाणनं केलेली जाळी जाईल. सोबत तोच जाईल."

"झालं समाधान?" फोन ठेवून ती आईवर उसळली. "रविवारी मी नाही जात आता!"

कस्तुराबाईंनी पाटाकडं बोट केलं. "दरसाली तुह्या बापाचं मांडलं, पवनचं मांडलं. लेकीचं अवजार पयल्यांदा घरात आलं. मले वाटलं, तेच मधात ठेवावं."

राखीला अजून पोटभर ओरडायचं होतं. आता तेही जमेना. चिडून चिडून रडूच आलं. आई प्रसादाचा शिरा तिच्या तोंडाशी धरून बसली. रागारागानंच तिनं तो घास गिळला.