वचनाची मुदत

जानराव आणि जनकाबाईचं वाजलं की माझी कापूस वेचणी थांबते. बांधाला बांध लागून आहे, कान काही बंद करता येत नाहीत. पण एकतीस डिसेंबरच्या त्या दिवशी नवराच एकटा बोलत होता.

"दोन घास खाऊन घे व. तीन दिस झाले उपाशी."

जनकाबाईनं कमरेचं वेचणीचं फडकं सोडलं आणि चपला घातल्या. "तुमी येचा कापूस. मले साडेपाचची गाडी पाहाची हाये. आज आखरी दिस हाये."

ती फाट्याकडे चालू लागली. तीन दिवसांच्या उपासानं थकली होती, पण चाल अशी की जणू कोणी बोलावूनच घेतलं आहे.

संग्रामपूरकडच्या आमच्या या गावात ख्रिस्ती घर हे एकच. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दोघं तालुक्याच्या देवळात जातात. तिथं परडीत चिठ्ठ्या असतात. प्रत्येकानं एक उचलायची, त्यावर शास्त्रातलं जे वचन निघेल ते त्याचं त्या वर्षाचं वचन. जनकाबाईला वाचता येत नाही. त्या वर्षीची तिची चिठ्ठी जानरावानं वाचली: तुझं गेलेलं लेकरू घरी परत येईल. त्याच्या दीड महिना आधी त्यांचा एकुलता गोकुळ बापाशी भांडून गेला होता. फोन बंद, पोलिसांत नाव दिलेलं, सुरतेपर्यंत शोधून झालेलं. वर्षाचं वचन म्हणजे वर्षाच्या आत पुरं होणारं, असं बाईनं धरलं आणि बाराही महिने रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसली. वचन कोणाला दाखवायचं नसतं असं नवऱ्यानं सांगितलं होतं, म्हणून चिठ्ठी पदराच्या गाठीत.

सकाळीच ती मला म्हणाली होती, "आज नाही आला तं देवळाचं नाव काढनार नाही, उकंडभाऊ. देवालेच शब्द पाळता येत नसंन तं मी कोनाच्या भरोशावर जगू?"

ती दिसेनाशी झाली तसा जानराव बांधावर येऊन बसला.

"उकंडभाऊ, चिठ्ठीत तसं नव्हतं लेहेलं."

"कसं?"

"पोरगं येईन असं. म्या आपल्या मनानं वाचलं."

माझं डोकंच फिरलं. "येड लागलं होतं का बे तुले? देवाच्या नावानं?"

"ती माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. पोट्ट्याले म्याच हाकललं ना. तोंड दाखवू नोको म्हनलं. मंग काय वाचू?"

"अन् खरं काय लेहेलं हाये?"

"मी सदा तुह्यासंगं हावो, जग सरेपर्यंत. इतकंच. आता तूच सांग, नुसतं संगं असून तिचं काय भागनार होतं? तिले पोरगं पायजे होतं."

मी आपला गावठी उपाय काढला. "पीकविम्याची तारीख वाढते ना, तशी वाढली म्हनून सांग. देवळातल्या पाळकानं सांगतलं म्हन."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. "एक खोटं वरीसभर सांभाळलं, भाऊ. आता नाही होत. तू चाल माह्यासंगं. एकट्याले माह्याच्यानं सांगनं होत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी येतच होती. पाच माणसं उतरली. शेवटच्या पोराच्या पाठीवर पिशवी होती, जनकाबाई उठून चार पावलं पुढे गेली. तो गावातल्या सोनाराचा जावई निघाला. गाडी गेली. ती जागच्या जागी खाली बसली.

जानराव तिच्यासमोर मातीत बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या. अंगात जीव नव्हता, तिसरी अर्ध्यातच राहिली. मग ती मोठ्यानं रडली. "वरीसभर मी खोट्याच्या पाया पडली. पोरगं येनार होतं हे कोनी म्हनलंच नव्हतं." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तिनं पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "तुमी वाचा. तुमचा देव येगळा, तुमाले लपवाचं काई नाही."

मी वाचलं. जानराव म्हणाला तेच होतं.

"पुन्यांदा."

पुन्हा वाचलं. घामानं अक्षरं पुसट झाली होती.

"याच्यावर वरीस लेहेलं हाये का? मांगून पाहा."

"मांगं कोरं हाये वहिनी. तारीख नाही कुठं."

"मंग हे आज सरत नाही."

"नाही. जग सरेपर्यंत म्हनते."

तिनं गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. "अन् गोकुळ असंन तिथं, त्याच्याबी संगं तो असंन का?"

"हाव," जानराव म्हणाला.

"तुमाले नाही इचारलं."

मला विचारलं होतं. मी त्यांच्या देवळाची पायरीही कधी चढलेलो नाही. पण त्या घडीला बाईला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. "लेहेलं तं तसंच हाये, वहिनी."

तिनं चिठ्ठी परत गाठीत बांधली. जानराव हळूच म्हणाला, "घरी चाल. उद्या देवळात नवीन काढू. खरं खरं वाचीन."

"नवीन कायले? हेच सरलं नाही." तिनं उठायला हात मागितला, तोही माझाच. "उकंडभाऊ, सकायची पयली गाडी कितीले येते?"

"साडेसातले."

"तिच्यानंच जाऊ देवळात," ती नवऱ्याला म्हणाली. "आंधी उतरनारे पाहून घेऊ. मंग चढू."